शेजारी ठेवलेला हातोडा

मिस्त्रींचा हातोडा माझ्या दुकानात राहायचा. गॅरेज त्यांचं, काम त्यांचं, हातोडाही त्यांनीच विकत घेतलेला, पण मुक्काम माझ्याकडं. वडवणीत बीड रोडला माझं स्पेअर पार्टचं दुकान होतं आणि त्याला लागून त्यांचं गॅरेज. मध्ये एक पत्र्याची भिंत. हातोडा लागला की मिस्त्री भिंतीला वळसा घालून यायचे, दारात उभे राहायचे आणि म्हणायचे, "शेठ, हातोडा दे." मग मी विचारायचं, "कावून?" कशासाठी हवा, हे विचारणं माझ्यावर बंधनकारक होतं, तसं त्यांनी पहिल्याच आठवड्यात मला बजावून ठेवलं होतं. मग ते कारण सांगायला लागायचे, आणि सांगता सांगता निम्म्या वेळा त्यांच्याच लक्षात यायचं की हातोड्याचं काही काम नाही, नुसता राग आलेला आहे. मग हातोडा न घेताच, माझ्या बरणीतली चिमूटभर बडीशेप तोंडात टाकून ते परत जायचे.

लोकांना हा वेडेपणा वाटायचा. मलाही वाटायचा. तुमचा हातोडा, तुमचं डोकं, मग मला कशाला मध्ये ओढता, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाले की रागाला दोन पावलं चालवलं की तो दमतो. आणि खरंच, त्यांना कुणावर ओरडताना मी ऐकलेलं नाही. मला 'शेठ' म्हणायचे तीही थट्टाच होती. मामाची रिकामी पडलेली खोली मिळाली म्हणून चकलांब्याहून इथं येऊन दुकान टाकलेला मी पंचविशीतला माणूस, अंगावर दोन शर्ट, आणि ह्यांचा शेठ.

गॅरेजवर पाटी नव्हती. सगळे त्यांना 'ब्रेकवाले मिस्त्री' म्हणत. इंजिनाचं काम आलं तर करायचे, नाही असं नाही, पण लांबच्या पाहुण्याला चहा विचारावा तसं, रीत म्हणून. जीव सगळा ब्रेकमध्ये. कारच्या पुढच्या चाकामागं लोखंडाचा एक पंजा असतो, कॅलिपर म्हणतात त्याला. ब्रेकवर पाय दिला की तो फिरत्या चकतीला दोन्हीकडून आवळतो, पाय काढला की सोडतो. आमच्याकडची काळी माती, शिवारातले रस्ते, पावसाळ्यातला चिखल आणि वर सहा-सहा महिने दारात नुसत्या उभ्या राहणाऱ्या गाड्या, ह्यानं तो पंजा गंजतो आणि जाम होतो. मग पाय काढला तरी ब्रेक सुटत नाही. "आवळणं कुनालाबी येतं," मिस्त्री म्हणायचे, "सोडणं शिकवावं लागतं." हे ते गाडीबद्दल बोलतायत की माणसांबद्दल, असा विचार करत मी कितीदा तरी बसलो आहे. बहुतेक वेळा ते गाडीबद्दलच बोलत असायचे.

अंगानं उंच आणि वाळलेले. खाकी शर्टाच्या डाव्या खिशात स्वच्छ चिंधी, उजव्यात मळकी, आणि ह्या दोघींची कधी अदलाबदल झालेली मी पाहिली नाही. कुठल्याही वस्तूला ते उलट्या हातानं शिवून बघायचे. चहाची किटली, दुपारचा तापलेला पत्रा, बाजारात विकायला आणलेल्या म्हशीचा कान. तळहात कामानं निबर झालेला असतो, त्याला काही कळत नाही, उलटा हात खरं सांगतो, हे त्यांचं शास्त्र. जाम ब्रेक शोधायची रीतही तीच. गाडी चार-पाच किलोमीटर फिरवून आणायची आणि उतरल्या उतरल्या चारी चाकांजवळ उलटा हात न्यायचा. जे चाक बाकीच्यांपेक्षा जास्त तापलेलं, तिथं अडकलंय. "कोन तापलंय ते आदी बगा, मग पाना उचला," असं ते येणाऱ्या प्रत्येकाला ऐकवायचे. एकदा मला ताप आला तेव्हा दुकानात येऊन त्यांनी माझ्या कपाळाला उलटा हात लावला, "समोरचं डावं," असं निदान केलं आणि काकूंना सांगून ज्वारीच्या कण्या पाठवल्या. काकू म्हणजे त्यांच्या मंडळी. गॅरेजच्या मागंच त्यांचं दोन खोल्यांचं घर होतं.

दुसरा नियम ढकलण्याचा. कामाच्या आधी आणि कामानंतर गाडीच्या मालकानं स्वतः, एकट्यानं, सपाटीवर गाडी ढकलून बघायची. एकदा एका पुढाऱ्याची मोठी पांढरी गाडी आली. साहेब मागच्या सीटवर. ड्रायव्हर खाली उतरून म्हणाला की साहेबांना घाई आहे, चाकातून वास येतोय, लवकर बघा. मिस्त्रींनी विचारलं, गाडी कुणाची? साहेबांची. मग साहेबांनी ढकलावी. ड्रायव्हरचा चेहरा पडला. मी भिंतीआडून ऐकत होतो, मला वाटलं आज गॅरेज बंद होतंय. पण साहेब उतरले. कडक इस्त्रीचे पांढरे कपडे, हातात अंगठ्या, आणि बाजारातली सगळी माणसं बघतायत. त्यांनी जोर लावला. गाडी हलेना. मागचे चार कार्यकर्ते धावले, तर मिस्त्रींनी त्यांना हाकललं. सगळे लागल्यावर जाम गाडीसुद्धा पळते, मग मला काय कळणार, असं म्हणाले. दोन तासांनी काम झाल्यावर साहेबांनी पुन्हा हात लावला आणि गाडी एवढी हलकी सरकली की ते स्वतःशीच हसले. मग कुणी सांगितलेलं नसताना त्यांनी ती आणखी दोनदा ढकलली. मला त्या दिवशी तो माणूस पहिल्यांदा आवडला.

पण मला सगळ्यात जास्त आठवतं ते मिस्त्रींचं अडकलेला पिस्टन काढणं. कॅलिपरच्या आत एक जाड नळकांडं असतं, तो पिस्टन, तोच चकतीला दाबतो. तो गंजून रुतून बसला की बाकीचे मेकॅनिक पान्यानं पिळायचे, छिन्नी लावायचे, ठोकायचे. मिस्त्री तसलं काही करायचे नाहीत. चाक काढायचं, कॅलिपर सोडवून तारेनं बांधून ठेवायचा, ब्रेकच्या तेलाच्या पाइपावर त्याचा भार येऊ द्यायचा नाही. पिस्टनसमोर लाकडाचा ठोकळा धरायचा. मग ते मला गाडीत बसवायचे आणि ब्रेक दाबायला लावायचे. "हळू. आजून. थांब. आता परत." गाडीतलं तिचंच तेल, तिचाच दाब, आणि तो पिस्टन केसभर केसभर बाहेर यायचा. कधी पंधरा मिनिटांत, कधी दुपार जायची. मी कंटाळून एकदा म्हणालो की दोन ठोके दिले असते तर एव्हाना जेवण झालं असतं. तेव्हा त्यांनी मला एक जुना पिस्टन दाखवला. त्याच्यावर नखानंही लागेल असा चरा होता.

"ठोकून काढलेला हाय हा," ते म्हणाले. "निघाला. पन चरा पडला. आता ह्याच्या बाजूनं तेल गळत ऱ्हानार, जलमभर. आपल्याला नुसता काढायचा न्हाई शेठ, परत कामाला लावायचाय."

ह्या अशा दुपारी मी किती घालवल्या असतील, सांगता येत नाही. मी ब्रेकवर पाय ठेवून बसलेला, बाहेर जमिनीवर बसलेल्या मिस्त्रींचं फक्त टक्कल दिसायचं, आणि "हळू, आजून" असा तो आवाज. माझं दुकान त्या वेळात उघडंच पडलेलं असायचं. आज पुण्याकडच्या कंपनीत मला वातानुकूलित केबिन आहे, हाताखाली माणसं आहेत, आणि मला कुणी "हळू" म्हणत नाही. त्या शब्दासाठी माझा जीव आजही तुटतो.

दसरा झाला की आमच्या भागातली घरंच्या घरं ऊसतोडीला जातात. माणसं, बैल, भांडीकुंडी ट्रॅक्टरवर चढतात, आणि मुकादमांच्या जीपा, कुणाच्या जुन्या गाड्या दाराशी उभ्या राहतात, त्या थेट उन्हाळ्यापर्यंत. मिस्त्री जाणाऱ्या प्रत्येकाला सांगायचे, हँडब्रेक ओढून जाऊ नका, चाकाखाली दगड लावा, आणि किल्ली माझ्याकडं ठेवा. गॅरेजच्या खांबाला खिळे होते, त्यांना ह्या किल्ल्या लटकायच्या. मग दर गुरुवारी सकाळी गॅरेज बंद ठेवून ते गावभर फिरायचे. एकेका दाराशी जायचं, गाडीत बसून चार वेळा ब्रेक दाबायचा, दगड काढायचा, गाडी दोन हात पुढं, दोन हात मागं सरकवायची, दगड परत लावायचा. कुणी सांगितलेलं नाही, कुणी त्याचं काही देत नाही. लोक हसायचे. वापरून झिजतं तेवढं, नुसतं उभं राहून त्याच्या दुप्पट बिघडतं, एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

आता ते सांगायला पाहिजे, जे मी इतकी वर्षं सांगितलं नाही.

त्यांच्या गॅरेजात ग्रीसच्या दोन डब्या होत्या. कॅलिपर ज्या दोन पिनांवर सरकतो, त्या पिनांना रबराची टोपणं असतात. त्यांना लाल ग्रीस लागतं. बेरिंगचं पिवळं ग्रीस रबराला लागलं की रबर फुगतं, पिना अडकतात. हे मिस्त्रींनी मला शंभर वेळा सांगितलं होतं. लाल ग्रीस मागवणं माझ्याकडं होतं, आणि त्या महिन्यात मी ते विसरलो होतो.

बाजाराचा दिवस होता. गावातले एक गुरुजी, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवायचे, त्यांची गाडी सकाळपासून उघडून ठेवली होती. सगळं साफ झालेलं, फक्त पिना ग्रीस लावून बसवायच्या आणि चाक चढवायचं. तेवढ्यात मिस्त्रींना मयतीचा निरोप आला आणि ते शेजारच्या गावी गेले. जाताना सांगून गेले, मी आल्यावर करतो. पण गुरुजी घाईत होते, त्यांना परगावी जायचं होतं, आणि मला वाटायला लागलं होतं की मलाही हे सगळं येतं. लाल डबी उघडली तर रिकामी. मी पिवळ्या डबीत बोट घातलं. ग्रीस ते ग्रीस, असं मनाशी म्हणालो. चाक चढवलं, गुरुजींनी गाडी ढकलून बघितली, छान सरकली, ते गेले.

संध्याकाळी मिस्त्री आले. त्यांनी एकच विचारलं, "लाल लावलंस ना?"

मी हो म्हणालो.

पुढचा दीड महिना काही झालं नाही, आणि मी ते विसरूनही गेलो. मग एका सोमवारी गुरुजी आणि त्यांच्या घरच्या बाई कपिलधारला दर्शनाला निघाले. उतारावर पुढच्या चाकातून धूर यायला लागला, तापून ब्रेकचं तेल उकळलं आणि ब्रेक खाली बसला. पाय पार तळाला गेला तरी गाडी थांबेना. गुरुजींनी डोकं चालवून हँडब्रेक ओढला आणि गाडी दरडीच्या बाजूला घासत नेऊन थांबवली. जिवावरचं हातावर निभावलं म्हणायचं, आणि ते अगदी शब्दशः. बाईंचं डावं मनगट मोडलं.

गाडी ट्रॅक्टरच्या मागं बांधून गॅरेजला आणली. माणसं जमली. मिस्त्रींनी चाक काढलं, पिन ओढून बघितली, येईना. रबर भिजवलेल्या हरभऱ्यासारखं टम्म फुगलेलं. त्यांनी ते ग्रीस दोन बोटांत चोळलं, नाकाजवळ नेलं, आणि मळक्या चिंधीला बोटं पुसली. मी माझ्या दुकानाच्या दारातून बघत होतो. ते उठले, भिंतीला वळसा घालून आले आणि माझ्यासमोर उभे राहिले.

"शेठ, हातोडा दे."

मी "कावून" विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यांनी कारण सांगितलं असतं, आणि ते कारण मला ऐकायचं नव्हतं. मी गुपचूप हातोडा उचलून त्यांच्या हातात दिला. न विचारता, इतक्या वर्षांत पहिल्यांदा. त्यांनी हातोड्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, हातोडा परत गल्ल्याशेजारी ठेवला आणि गेले. बाहेर गुरुजींसमोर, सगळ्या माणसांसमोर ते म्हणाले, "माजी चूक झाली. माज्या हातून भलतं ग्रीस लागलं."

समोरच्या हॉटेलात त्या दिवसापासून एकच बोलणं. मिस्त्री म्हातारे झाले, हात थरथरायला लागला, नजर गेली. हॉटेलवाला तर चहा ओतता ओतता त्यांची नक्कल करून दाखवायचा. हळूहळू ब्रेकची कामं बीडला जायला लागली. खिळ्यांवरच्या किल्ल्या कमी झाल्या. आणि मिस्त्री माझ्याशी पूर्वीसारखेच वागत राहिले. बडीशेप खायचे, उलटा हात लावून किटली बघायचे, एका शब्दानंही विचारायचे नाहीत. त्यांनी दोन थोबाडीत दिल्या असत्या तर मी सुटलो असतो. रोज सकाळी ठरवायचो, आज सांगू. रोज दुपारी वाटायचं, आता एवढे दिवस गेले, आता काय सांगायचं. असे चार महिने काढले आणि मग दुकान बंद करून पुण्याची वाट धरली. सगळ्यांना सांगितलं, कंपनीत चांगली नोकरी लागली. ते खरंही होतं.

जाताना माझी जुनी पांढरी गाडी नेली नाही. तिकडं कंपनीची बस असते, असं कारण दिलं. खरं म्हणजे त्या गाडीचे ब्रेक मिस्त्रींनी केलेले होते, आणि प्रत्येक वेळी पाय दिला की मला ते आठवले असते. गाडी गॅरेजमागच्या मोकळ्या जागेत पत्र्याखाली उभी केली आणि किल्ली त्यांच्या हातात दिली. दिवाळीला येऊन नेतो म्हणालो. ते म्हणाले, "हँडब्रेक काढलास का? दगड लाव मग." निरोपाचं बोलणं झालं ते एवढंच.

हातोडा माझ्या सामानात गेला. चुकून गेला, असं मी स्वतःला सांगत आलो.

दिवाळ्या येत गेल्या. मी चकलांब्याला आईकडं जायचो, गेवराईवरून आत वळायचो, आणि वडवणीकडं जायची वेळच यायची नाही. म्हणजे मी येऊ द्यायचो नाही. फोन करायचा ठरवून कितीदा नंबर काढला आणि ठेवून दिला. मागच्या वर्षी उन्हाळ्यात कळलं की मिस्त्री गेले, झोपेतच गेले. मी तेव्हाही गेलो नाही. कुठल्या तोंडानं जाणार होतो?

मग यंदा काकूंचा फोन आला. जागा विकली होती, त्या लेकीकडं माजलगावला निघाल्या होत्या. "तुझी गाडी घेऊन जा बाबा," एवढंच म्हणाल्या.

मी तयारीनं गेलो. सात वर्षं उभी असलेली गाडी, चारी चाकं जाम असणार, म्हणून बीडहून ओढून न्यायची गाडी सांगून ठेवली होती. पिशवीत नवी रबरं घेतली, लाल ग्रीसची डबी घेतली, आणि हातोडा घेतला. काकू बारीक झाल्या होत्या. गॅरेज मोकळं, खिळे सगळे मोकळे, फक्त एकावर माझी किल्ली. मागं गेलो. गाडीवर धुळीचा थर होता, पण टायरांत हवा होती. मी दार उघडून न्यूट्रल तपासलं, चाकाखालचा दगड काढला, कंबर वाकवली, दोन्ही हात लावले आणि असेल नसेल तेवढा जोर लावला.

गाडी अशी पुढं गेली की मी तोंडावर पडता पडता राहिलो.

काकू मागं उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "दर गुरवारी सरकवायचे. चार बार ब्रेक दाबायचा, मग दोन हात म्होरं, दोन हात मागं."

"आन् ते गेल्यावर?"

"मग मीच. मला दाखवून ठेवलतं त्यांनी. खंड पाडू नको म्हणलते. सुरवातीला हलंना मला, मग जमलं."

मी त्या गाडीच्या पुढच्या चाकाला टेकून खाली बसलो आणि रडलो. लाज वाटण्यासारखं वय झालंय माझं, पण रडलो. साठीच्या पुढची ती बाई दर गुरुवारी पदर खोचून माझी गाडी ढकलत होती, आणि मी दिवाळीला रस्ता बदलत होतो. काकूंनी मला रडू दिलं. मी पिशवीतून हातोडा काढून त्यांच्यापुढं धरला, तर त्यांनी तो घेतला नाही. तुझ्याकडंच ठेवायला दिला होता ना, मग तुझ्याकडंच राहू दे, असं म्हणाल्या. मग मी त्यांना ग्रीसचं सगळं सांगायला तोंड उघडलं. त्यांनी हातानंच मला थांबवलं.

"मला सांगून काय उपेग? गुरुजींच्या घरी जा."

गुरुजी आता रिटायर झालेत. अंगणात खुर्ची टाकून बसले होते, बाई शेजारी तूर निवडत होत्या. मी उभ्या उभ्याच सांगितलं. रिकामी लाल डबी, पिवळी डबी, संध्याकाळचं ते खोटं 'हो', सगळं. बाईंच्या डाव्या मनगटाकडं बघवत नव्हतं, तरी बघितलं, आणि हात जोडले. गुरुजींनी ओट्याकडं हात केला. मग म्हणाले, बसा.

"तुमी पुण्याला गेले, त्याच्या दुसऱ्या दिवशी मिस्त्री इथं आलते," गुरुजी सांगू लागले. "म्हणले, गुरुजी, ते ग्रीस मी न्हाई लावलं. ज्यानं लावलं त्याला मी ओळखतो, तुमीबी ओळखता. पन त्याला इचारू नका, आन् गावातबी बोलू नका. ठोकून काढलं तर चरा पडंल. त्याच्याच दाबानं येऊ द्या."

"दर दिवाळीला वाटायचं, औंदा येताल," बाई म्हणाल्या. "मिस्त्री इचारायचे आमाला, आलता का म्हणून. लई वाट बघितली त्यांनी."

म्हणजे शेवटपर्यंत ते माझ्या गाडीचे ब्रेक मोकळे ठेवत होते, कारण मी येणार ह्याची त्यांना खात्री होती, आणि त्यासाठी त्यांनी स्वतःचं नाव गमावून ठेवलं होतं. त्यांच्या तोंडावर मला एकदा सांगता आलं असतं. ते आता कधीच होणार नाही. हे मला माझ्याबरोबर न्यायचंय, आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही.

गुरुजी चपला घालून उठले. म्हणाले, मला सांगून झालं, आता त्यांचं नाव जिथं गेलं तिथं चला.

हॉटेल तेच होतं, गॅरेजच्या समोर. बाजाराचा दिवस, बाकडी भरलेली. जुने ड्रायव्हर, दोन मुकादम, गल्ल्यावर तोच हॉटेलवाला, आता केस पांढरे. माझ्या हातात हातोडा बघून दोघं-तिघं सरकून बसले. मी हातोडा गल्ल्यावर ठेवला. गुरुजी माझ्या मागं उभे होते, त्यांनी घाई केली नाही.

"गुरुजींच्या गाडीला ग्रीस मिस्त्रींनी न्हवतं लावलं," मी म्हणालो. "त्यांचा हात कधीच थरथरला न्हाई. ते मी लावलतं, आन् त्यांनी इचारल्यावर खोटं बोललो."

हॉटेलवाल्यानं किटली खाली ठेवली. त्यानं हातोड्याकडं बघितलं, समोरच्या बंद गॅरेजकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"मग तवा बोलला न्हाईस," तो म्हणाला. "कावून?"

सात वर्षं मी ह्या एका शब्दाला घाबरत होतो. मी बाकड्यावर बसलो आणि कारण सांगायला लागलो.